लघुरेल्वेच्या तारकामासाठी सोल्डरिंग आयर्नची पारख

आमच्या संघाच्या स्मरणिकेत तूरडाळीचा भाव, करांचे नियम, सदस्यांच्या मुलामुलींचे परीक्षेतील यश असे विषय दरवर्षी येतात, आणि ते यावयासच हवेत. त्यांत सोल्डरिंग आयर्नसारख्या क्षुल्लक हत्यारावर लेख पाहून काही वाचकबंधूंना नवल वाटेल. परंतु हे हत्यार गेल्या काही वर्षांत आपल्या घरोघरी शिरले आहे. कोणाचा मुलगा अभियांत्रिकी शिकतो आहे, कोणाची मुलगी शाळेच्या प्रदर्शनासाठी दिवे लावलेले गाव करीत आहे, आणि एखाद्या घरी माळ्यावर छोटी आगगाडी धावते आहे. आपल्यापैकी जे विद्युत सामानाचा व्यापार करतात त्यांना ते विकावेही लागते. विकणाऱ्यास आणि घेणाऱ्यास, दोघांसही त्याची पारख नसली म्हणजे काय होते, हे आम्ही स्वतःच्या दुकानात अनुभवले आहे. म्हणून हा लेख.

लघुरेल्वेचा छंद आपल्याकडे फारसा परिचित नाही, तरी तो परका म्हणता येणार नाही. पुण्यास कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ च्या एप्रिलमध्ये सर्वांस खुले झाले. तेथे सिग्नल, सांधे, पूल यांसह लहानशा शहरातून आपोआप धावणाऱ्या गाड्या पाहून मुले घरी परतली की त्यांना तसेच काही करावेसे वाटते. आपल्या भागात तर रेल्वेचे वेड असावयास कारणही आहे. वाडीसारखे मोठे जंक्शन आपल्या जिल्ह्यात आहे. आणि बिदर व कलबुर्गी यांना जोडणारा सुमारे ११० किलोमीटरांचा मार्ग, ज्याची वाट आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाहिली, तो २०१७ च्या ऑक्टोबरात पूर्ण होऊन वाहतुकीस खुला झाला. तो मार्ग घरात मांडावा अशी इच्छा एका गृहस्थांना झाली, आणि तेथूनच आमची ही कथा सुरू होते.

हे गृहस्थ रेल्वेच्या सिग्नल खात्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. हाताला शिस्त, डोळ्याला सवय. त्यांनी आमच्या दुकानातून २५ वॅटचे एक साधे सोल्डरिंग आयर्न आणि साठ-चाळीस असा शिक्का असलेले सोल्डरच्या तारेचे एक रीळ नेले. दोन महिन्यांनी ते परत आले. त्यांनी दोन्ही वस्तू गल्ल्यासमोर ठेवल्या, शेजारी प्लॅस्टिक वितळून वाकडा झालेला रुळाचा एक तुकडा ठेवला, आणि जळालेली एक चिमुकली पट्टिका ठेवली. आवाज न चढवता ते एवढेच म्हणाले, "शेठजी, यात माझा हात किती चुकला आणि तुमचा माल किती चुकला, एवढे मला समजावून सांगा."

आम्हांस ते समजावून सांगता आले नाही. विकत होतो, पण जाणत नव्हतो. पुढील काही महिन्यांत जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

प्रथम झाळकाम म्हणजे काय ते पाहू. जुन्या पिढीला कल्हईवाल्याची भट्टी आठवत असेल. तो पितळेचे पातेले तापवी, नवसागराची पूड फिरवी, धुराचा लोट उठे, आणि कथिलाची कांडी टेकताच चांदीसारखा पदर पातेल्यावर पसरे. सोल्डरिंगची सारी विद्या त्या दृश्यात आहे. धातू स्वतः तापला पाहिजे. त्यावरील गंज व मळ काढणारे द्रव्य पाहिजे. आणि मग कथिल त्या धातूला धरते, त्याच्याशी एकजीव होते. थंड पातेल्यावर वितळलेले कथिल नुसते ओतले तर ते मण्यासारखे गोळा होऊन घरंगळते. विजेच्या जोडाचेही तसेच आहे. नवखा मनुष्य आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून तो तारेवर थापतो. वरून जोड दिसतो, आत तो धरलेला नसतो. कारागिरांच्या भाषेत हा थंड जोड.

कल्हईत नवसागर वापरतात, पत्र्याचे काम करणारे जस्त मारलेले तेजाब वापरतात; विजेच्या कामात ही दोन्ही वर्ज्य. त्यांचा अंश मागे राहिला की बारीक तार काही महिन्यांत खाऊन टाकतो. येथे हवी ती राळ, म्हणजे चिडाच्या झाडाचा चीक. चांगल्या सोल्डरच्या तारेच्या पोटातच ती भरलेली असते. शिशाचे नळ जोडणारे पूर्वीचे विलायती कारागीर यासाठी जनावराची चरबी वापरीत. राळ ही वनस्पतीची असल्याने आपल्या घरांत तो प्रश्न उद्भवत नाही. तथापि बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक डबीतल्या मलमात काय आहे हे पाहूनच ती घ्यावी.

आता या गृहस्थांचे काम पाहा. सर्वांत प्रचलित लघुरेल्वे मूळ गाडीच्या ८७ व्या हिश्श्याची असते, आणि तिच्या दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर. (हे माप १४३५ मिलिमीटरांच्या विलायती मार्गाचे आहे, आपला १६७६ मिलिमीटरांचा रुंद मार्ग त्याच प्रमाणात करावयाचा तर अंतर १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक येईल. या फरकाची खंत त्या गृहस्थांना अजून आहे.) रूळ अडीच मिलिमीटर उंचीचा किंवा त्याहूनही ठेंगणा. तो तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रणाचा असतो. या धातूस जर्मन सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदीचा कणही नसतो. खाली प्लॅस्टिकचे स्लीपर. रुळांचे तुकडे एकमेकांत अडकवणाऱ्या पत्र्याच्या जोडण्या कालांतराने सैल पडतात व वीज अडते. म्हणून दर मीटरभर अंतरावर तरी प्रत्येक रुळाला खालून तार झाळावी लागते. दुसरे काम याच्या अगदी उलट. आजच्या लघुरेल्वेत गाडीच्या पोटात डिकोडर नावाची नखाएवढी पट्टिका असते. रुळांतून वीज व हुकूम दोन्ही येतात, आणि कोणत्या गाडीने चालावयाचे, कोणता दिवा लावावयाचा, हे ती पट्टिका ठरवते. तिच्या तारा पाव मिलिमीटर जाडीच्या. जोडाची जागा मोहरीएवढी.

म्हणजे एकाच छंदात एकाच हत्याराला दोन परस्परविरुद्ध कामे करावयाची आहेत. रूळ म्हणजे लांब धातूची कांडी, ती उष्णता दोन्ही बाजूंनी पळवून नेते. डिकोडर उष्णता जराही सहन करीत नाही. आमच्याकडे येणारा बहुतेक ग्राहक म्हणतो, काम नाजूक आहे तेव्हा लहानात लहान आयर्न द्या. आम्हीही तेच देत आलो. तेथेच चूक आहे.

शिसेमिश्रित साठ-चाळीस सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. तो नीट पसरून धरण्यासाठी आयर्नचे टोक ३२० ते ३५० अंशांवर असावे लागते. २५ वॅटचे साधे आयर्न रिकामे तापत ठेवले तर ४०० अंशांवरही जाईल. तेथे त्याला आवर घालणारे काही नाही. परंतु ते रुळाला टेकवताच रूळ त्याची उष्णता ओढून घेतो, टोक झपाट्याने निवते, आणि पंचवीस वॅटची धार ती तूट भरून काढू शकत नाही. करणारा मनुष्य टोक दाबून धरतो. पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा सेकंद. सोल्डर वितळण्यापूर्वी उष्णता रुळातून स्लीपरपर्यंत पोहोचते, आणि प्लॅस्टिक मऊ पडावयास ती पुरते. गृहस्थांचा रूळ वाकडा झाला तो असा. आयर्न फार गरम झाल्यामुळे नव्हे, ते पुरेसे गरम राहू न शकल्यामुळे.

आपल्या माताभगिनींना हे सांगावयास नको. ज्वारीची भाकरी मंद तव्यावर टाकली तर ती फुगत नाही, उलट वाळून चिवट होते. तवा चांगला तापलेला आणि जाड असला म्हणजे भाकरी टाकल्यावरही तो निवत नाही, आणि काम झटक्यात होते. झाळकामातही तवा जाड हवा आणि वेळ थोडा हवा. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर तापमान हा भाव आहे व वॅट ही गाठीची शिल्लक आहे. भाव तोच ठेवून मोठी हुंडी आली तरी पेढी डगमगू नये, एवढी शिल्लक असावी.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की, ज्यास असे काम वर्षभर करावयाचे आहे त्याने तापमान नियंत्रित करणारे, ६० ते ७० वॅटचे आयर्न घ्यावे. नाजूक कामासाठी ७० वॅट ऐकून ग्राहक दचकतो. परंतु नियंत्रित आयर्न सत्तर वॅट सतत ओतीत नाही. टोकाजवळ उष्णता मोजणारा घटक बसवलेला असतो. टोक निवले की वीज सोडतो, ठरलेल्या अंशाला पोहोचले की रोखतो. डिकोडरच्या तारेवर ते जितके सौम्य, रुळावर तितकेच भक्कम. जपानच्या हाक्को व मूळ अमेरिकेच्या वेलर या कंपन्यांची अशी यंत्रे नावाजलेली आहेत. वेलरच्या एका जुन्या पद्धतीत तर काट्याचा उपयोगही नव्हता: टोकाच्या मागे चुंबकीय धातूची गोळी असे, ठरावीक तापमानाला तिचे चुंबकत्व नाहीसे होई व खटका सुटे, टोकावर ७ आकडा म्हणजे ७०० अंश फॅरनहाइट, आपले सुमारे ३७० अंश. अशी यंत्रे आजही काही जुन्या कारखान्यांत नेकीने चालू आहेत.

नियंत्रित आयर्नचे आणखी एक कारण आपल्या भागास विशेष लागू आहे. साध्या आयर्नची शक्ती विजेच्या दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टवर २५ वॅटचे आयर्न १८० व्होल्टवर अवघे १५ वॅटचे राहते. दाब २५० झाला की ते साडेएकोणतीस वॅटचे होते. खेड्यापाड्यांतून पंप सुरू असतानाचा दाब आणि रात्री अकरानंतरचा दाब यांत केवढे अंतर असते ते औराद-भालकीकडील वाचक जाणतात. सायंकाळी धरत नाही म्हणून जे आयर्न दाबून धरावे लागते, तेच रात्री तारेचे वेष्टन जाळते. नियंत्रित आयर्न ही चढउतार आपल्यापुरती सोसून घेते.

सर्वांनाच ते परवडेल असे नाही, आणि शाळकरी मुलाच्या दोन-चार जोडांसाठी त्याची गरजही नाही. साधे आयर्न घ्यावयाचे असेल तर रुळांसाठी ५० ते ६० वॅटचे व तारांसाठी २५ वॅटचे अशी दोन घ्यावीत. मुंबई-पुण्याच्या बाजारात वर्षानुवर्षे चालत आलेली सोल्ड्रॉनसारखी भारतीय साधी आयर्न या कामास पुष्कळांनी वापरली आहेत.

आता दुकानात वस्तू हातात आल्यावर काय पाहावे. डबीवरील अक्षरांवर विसंबू नये. प्रसिद्ध नावांच्या नकला भरपूर आहेत. प्रथम टोक पाहावे, कारागीर ज्याला बिट म्हणतात. निव्वळ तांब्याचे टोक उष्णता उत्तम वाहते, पण कथिल तांब्याला विरघळवून खाते, आणि काही आठवड्यांत टोकाला खड्डा पडतो. म्हणून चांगल्या टोकात आत तांबे व वर लोखंडाचा मुलामा असतो, कथिल धरण्याची जागा सोडून बाकी क्रोम असते. पारख सोपी आहे: चुंबक लावून पाहावा. मुळीच ओढला नाही तर लोखंडाचा मुलामा नाही हे निश्चित. अशा मुलाम्याच्या टोकाला कानस किंवा पॉलिश कागद लावला की मुलामा गेला व टोक गेले. तांब्याच्या साध्या टोकास मात्र कानस लावून आकार देता येतो. या दोहोंतील फरक न सांगितल्याने कितीतरी ग्राहक नवे टोक पहिल्याच दिवशी घासून वाया घालवतात.

टोकाचा आकारही ग्राहक चुकीचा मागतो. सुईसारखे टोक नाजूक कामास बरे, असे वाटते. परंतु सुईच्या अग्रातून उष्णता जावयास जागाच नसते. दीड ते अडीच मिलिमीटर रुंदीचे छिन्नीसारखे टोक तारांना व पट्टिकेला पुरते. रुळांना तीन मिलिमीटर वा अधिक. छिन्नीचा कोपरा टेकवला की बारीक काम होते, सपाट बाजू टेकवली की मोठे. आणि अशी सुटी टोके त्याच बनावटीची पुढेही मिळतील की नाही हे विचारूनच आयर्न घ्यावे. ज्याचे टोक मिळत नाही ते आयर्न एका टोकाच्या आयुष्याचे.

पकड पाहावी. बोटांपासून टोकाचे अंतर जितके कमी तितका हात स्थिर. रोजकीर्द लिहिणारे आपले जुने मुनीम टाक अणीजवळ धरीत, मागे नव्हे. जुन्या घडणीच्या आयर्नमध्ये हे अंतर फार असते व टोक थरथरते. दोरी सिलिकॉनच्या वेष्टनाची असेल तर टोक चुकून लागले तरी ती वितळत नाही, आणि ती मऊ असल्याने हाताला ओढत नाही.

वॅटचा शिक्का खरा की खोटा हेही दुकानात कळते. निक्रोमच्या तारेचे थेट विजेवर चालणारे साधे आयर्न असेल तर मल्टिमीटरने प्लगच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. २३० चा वर्ग भागिले वॅट, एवढाच हिशोब. २५ वॅटला सुमारे २१०० ओहम, ५० ला सुमारे १०६० आणि ६० ला सुमारे ८८० यावेत. साठचा शिक्का असून दीड हजाराच्या आसपास आकडा आला तर ते पस्तीसचे आयर्न आहे. चिनीमातीच्या तापक घटकाच्या आयर्नला हा हिशोब लागू नाही, कारण तो थंड असताना त्याचा रोध फार कमी असतो.

शेवटची पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट अर्थिंगची. गृहस्थांचा डिकोडर उष्णतेने जळाला नव्हता. आम्ही विकलेले आयर्न दोन पिनांचे होते. अशा आयर्नमध्ये विजेचा झिरपा टोकापर्यंत येतो. हाताला कदाचित मुंग्याही येणार नाहीत, पण इलेक्ट्रॉनिक पट्टिकेवरील सूक्ष्म घटकांना तो पुरेसा असतो. वायरमनचा निऑन टेस्टर तापलेल्या आयर्नच्या टोकाला लावला आणि दिवा मंदही लागला, तर ते आयर्न डिकोडरजवळ नेऊ नये. तीन पिनांचे आयर्न घ्यावे, आणि अर्थची पिन व टोक यांमधील रोध दोन ओहमांच्या आत आहे ना ते मोजून घ्यावे. मात्र घरातल्या भिंतीत अर्थिंगच नसेल तर तिसरी पिन शोभेची. जुन्या वाड्यांतून ही स्थिती सर्रास आढळते. ते दुरुस्त होईपर्यंत निदान आयर्न तापवून, प्लग काढून, मग पट्टिकेला टेकवावे.

आयर्नची चूक अशी आमच्या अज्ञानाची होती. सोल्डरची चूक त्याहून वेगळी होती, आणि तीच आम्हांस अधिक लागली.

त्या गृहस्थांनी जाता जाता विचारले होते, "हे रीळ हाताला एवढे भारी का लागते?" त्या प्रश्नाने आम्हांस झोप लागू दिली नाही. कथिल महाग, शिसे स्वस्त. साठ-चाळीस म्हणजे शंभर भागांत साठ कथिल व चाळीस शिसे. यात कथिल कमी करून शिसे वाढवले की नफा वाढतो व तार तशीच चकचकीत दिसते. पण कथिल हलके आहे व शिसे जड. एक मिलिमीटर जाडीची दहा मीटर भरीव तार घेतली तर साठ-चाळीसची सुमारे ६७ ग्रॅम भरावी. चाळीस कथिल व साठ शिसे असेल तर सुमारे ७३ ग्रॅम भरते. पोटात राळ असल्याने दोन्ही थोड्या कमी भरतील, पण राळ सारखी असता फरक तोच राहील. दुसऱ्या दिवशी आम्ही एका विश्वसनीय रिळाची व या रिळाची सारख्याच जाडीची सारखीच लांबी कापून बारीक काट्यावर टाकली. शिक्का तोच, पण आमची तार सुमारे दहा टक्क्यांनी जड निघाली. गंमत अशी की, सोल्डर वजनावर विकला जातो, आणि जड रीळ हातात घेऊन ग्राहक समाधानाने जातो.

दुसरी परीक्षा काट्याविना होते. साठ-चाळीस वितळून निवताना जवळजवळ एकदम घट्ट होतो व चमकतो. ६३ टक्के कथिलाचा तर १८३ अंशांवर तत्क्षणी गोठतो. चाळीस टक्के कथिलाचा मात्र १८३ पासून २३८ अंशांपर्यंत चिखलासारखा अर्धवट राहतो. तेवढ्या वेळात तार किंचित हलली की आत भेग पडते. गृहस्थांचे जोड एकामागून एक सुटत गेले त्याचे कारण हे होते. निवृत्त माणसाने महिना-महिना गुडघ्यांवर बसून केलेले काम आमच्या रिळाने फुकट घालवले होते.

धातूंच्या मिश्रणाचा हिशोब आपल्याला नवा नाही. आपल्याच जिल्ह्यातील मळखेड ही राष्ट्रकूटांची मान्यखेट राजधानी. तेथील अमोघवर्ष राजाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्याच्या मिश्रक प्रकरणात सोन्याच्या कसाची गणिते आहेत. वेगवेगळ्या कसाचे सोने एकत्र आटवले तर काय कस येईल, हे व्यापाऱ्याला काढता यावे म्हणून. आणि अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार 'तत्त्वार्थसूत्रा'त सांगितले आहेत त्यांत खोट्या मापाबरोबर प्रतिरूपक व्यवहारही येतो. म्हणजे चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळून देणे. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ, तसे कथिलात शिसे. आम्ही स्वतः मिसळले नव्हते, हे खरे. पण ज्याच्याकडून घेतले त्यास तपासण्याची साधने, म्हणजे काटा व मोजपट्टी, आमच्या गल्ल्याशेजारीच पडून होती. गृहस्थांचे पैसे परत केले. डिकोडरची किंमत ते घेईनात. शेवटी नव्या आयर्नच्या हिशोबात ती वळती केली.

आजकाल शिसेविरहित सोल्डरही मिळतो. तो २१७ ते २२७ अंशांना वितळतो, म्हणून टोक ३५० ते ३८० अंशांवर ठेवावे लागते व नवख्याच्या हाताला तो थोडा अवघड जातो. घरात लहान मुले असतील तर आम्ही तोच सुचवतो. शिसेमिश्रित तार वापरणाऱ्याने काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये. सूर्यास्तापूर्वी जेवणाची घाई असली म्हणून हे टाळू नये. स्वयंपाकघरात व ओट्यावर हे काम करूच नये. धूर उठतो तो राळेचा, शिशाचा नव्हे. परंतु राळेच्या धुरानेही दम्याचा विकार जडतो. तोंडाला कापड बांधून तो अडत नाही. खिडकी उघडी ठेवून लहान पंखा धूर बाहेर ओढील असा ठेवावा. गरम आयर्नसाठी जड बुडाची घोडी हवीच. टोक पुसावयास पितळी तारेचा चोथा ओल्या स्पंजापेक्षा बरा, त्याने टोक निवत नाही. आणि बंद करण्यापूर्वी टोकावर थोडा सोल्डर ठेवून द्यावा. पुसून चकचकीत करून ठेवलेले टोक गंजते.

त्या गृहस्थांचा मार्ग आता बिदरहून निघून हुमनाबादपर्यंत आला आहे. पुढचा कलबुर्गीपर्यंतचा भाग दुसऱ्या खोलीत न्यावयाचा असल्याने भिंतीला भोक पाडण्याची परवानगी घरातून मिळावयाची आहे.

राहिलेली ती रिळे आम्ही पुरवठादाराकडे परत पाठवू पाहिली; त्याने घेतली नाहीत. पत्र्याचे डबे करणारे एक कारागीर ती निम्म्या भावाने मागत होते. डब्यांना ती चांगली लागली असती. पण त्या डब्यांत तेल-तूप भरले जाणार, आणि शिसे अन्नात उतरते. रिळे गोदामात फळीवर आहेत. वर चिठ्ठी लावली आहे, विक्रीसाठी नाही.